किटली, नेव्हिल आणि गळका नळ

आमच्या बिर्राबी गावात ग्लेनिस पास्कोच्या दोन गोष्टींवर कुणी पैज लावत नाही. एक तिचं गाडी चालवणं, दुसरं तिचं तोंड. तीसेक वर्षं तिने शाळेची बस चालवली. गव्हाच्या शेतांमधले ते कच्चे रस्ते, मधेच उडी मारून आडवे येणारे कांगारू, मागच्या बाकांवर एकमेकांच्या झिंज्या उपटणारी पोरं, या सगळ्यातून बसला कधी साधा ओरखडा आला नाही. आणि त्या तीसेक वर्षांत तिचं तोंड कधी मिटलं असेल तर ते झोपेत, तेही तिच्या नवऱ्याला विचारलंत तर तो खात्रीने सांगणार नाही.

अशी ही बाई एका शुक्रवारी संध्याकाळी बसमधून उतरलीच नाही. शेवटचं पोर घरी सोडलं, बस शेडमध्ये लावली, किल्ली काढली आणि तशीच बसून राहिली. का, ते तिला आजही नीट सांगता येत नाही. कुणी मेलं नव्हतं, काही जळलं नव्हतं. पाय उचलायचे म्हटले तर उचलेनात, एवढंच. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की आपण नसलो तर बरं. अंधार पडला तरी बाई आली नाही म्हणून नवरा शोधायला आला. आता शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे दवाखाना बंद. मनाच्या आजारांची नर्स सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. माणसाचं डोकं काही घड्याळ बघून बिघडत नाही, पण हे सरकारला कळायला वेळ लागतो. मग नवऱ्याने तिला गाडीत घातलं आणि थेट शहरातलं मोठं इस्पितळ गाठलं.

तिथे ग्लेनिस अपघात विभागातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. एका बाजूला हात मोडलेला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला नाकात मणी अडकलेलं पोर. पहाटे डॉक्टर भेटला. पोरगा भला होता, दमलेला होता, नीट बोलला, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी गुणही आला, हे ग्लेनिस कबूल करते. पण ती म्हणते, "त्या रात्री मला डॉक्टरच्या आधी एक स्वयंपाकघर हवं होतं. कुणाचंही. चहा उकळतोय आणि समोर कुणीतरी बसलंय, बस."

काही वर्षांनी खरंच तसं घर निघालं. राज्य सरकारने आमच्या जुन्या नर्सबाईंच्या बंगलीत संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालणारी सोय सुरू केली. कुणीही यावं, वेळ ठरवायला नको, डॉक्टरची चिठ्ठी नको, दमडी लागत नाही. एक शिकलेली नर्स आणि तिच्या जोडीला एक असं माणूस, जे स्वतः त्या वाटेने जाऊन आलंय. ग्लेनिसने अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, अनुभव काय? तिने बसची गोष्ट सांगितली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरली. नोकरी मिळाल्यावर ती आठवडाभर गावभर सांगत होती, "डोकं फिरल्याचा पगार मिळणारी या गावातली मी पहिलीच. बाकीचे सगळे फुकट फिरवतात."

या सोयीचं सरकारी नाव इतकं लांबलचक होतं, की पाटीवर ते मावायला अक्षरं मुंगीएवढी करावी लागली. कुणी वाचलं नाही. शेगडीवर कायम किटली असते म्हणून गाव त्याला किटली म्हणायला लागलं, आणि मग ते नावच बसलं.

पण गाव म्हणजे गाव. आमच्याकडे माणूस ओळखू यायच्या आधी त्याची गाडी ओळखू येते. किटलीपाशी कुणाची पिकअप दिसली की दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे त्याच्याशी असे हळू बोलणार, जणू तो काचेचा आहे. त्यामुळे बायका आल्या, शाळकरी पोरं आईबापांबरोबर आली, ऑस्वाल्ड मास्तर शनिवार-रविवारी तुकडे जोडून चित्र करायचा खोका काखेत मारून येऊ लागले, पण बाकीचे बाप्ये काही फिरकेनात. बाप्या माणसाला कुठेही जायला काम लागतं. काम नसलं तर तो स्वतःच्या सख्ख्या आईकडेसुद्धा जाणार नाही.

नेव्हिल होस्किंगला काम मिळालं होतं. नेव्हिल आमच्या गावचा प्लंबर. आडवा देह, हाताचे पंजे फावड्याएवढे, बोलणं मोजून मापून. तो आणि त्याचा भाऊ क्लाइव्ह दोघं मिळून धंदा करायचे, जेवायलाही एकत्र, भांडायलाही एकत्र. एका शनिवारी फूटीचा, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉलचा, सामना संपता संपता क्लाइव्ह पिकअपमध्ये रेडिओ ऐकत बसला होता, तो बसल्या जागीच गेला. हृदय थांबलं. तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ नेव्हिलला खायला उठायची. लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्यांदा तो किटलीत आला तो खरंच नळ दुरुस्त करायला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बूट दाराशी काढले, ओट्याखालचं कपाट उघडलं आणि डोकं आत घातलं. डोकं आत गेलं मात्र, नेव्हिल बोलायला लागला. क्लाइव्हबद्दल, झोप येत नाही त्याबद्दल, दोन ताटं काढायची सवय जात नाही त्याबद्दल. ग्लेनिस शेजारी जमिनीवर बसून त्याला पाना देत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प होती. ओट्याखालून बाहेर आल्यावर तो पुन्हा मुका. चहा प्यायला, तोंड पुसलं, गेला.

पुढच्या शनिवारी नळ पुन्हा गळत होता.

आता तो कसा गळत होता, हे ग्लेनिसला नक्की माहीत होतं, कारण शुक्रवारी रात्री घरी जाताना तीच नवऱ्याचा पाना लावून तो ढिला करायची. नेव्हिललाही माहीत होतं. तो काही दुधखुळा नव्हता. तो वाकून बघायचा, म्हणायचा, "वॉशर पुन्हा गेलाय. सरकारी माल." ती म्हणायची, "सरकारी मालच तसला, बाबा." आणि डोकं कपाटात. असं वर्षभर चाललं. एकदा त्या कपाटातून आवाज आला, की मागच्या महिन्यात एका शनिवारी मी धरणावर जाऊन बसलो होतो. उशिरापर्यंत. धरणावर जाऊन बसलो म्हणजे काय, ते ग्लेनिसला कळलं. पण तिने विचारलं नाही. आमच्याकडे बाप्याला असलं तोंडावर विचारत नाहीत. त्याची अब्रू जाते असं आम्ही समजतो. तिने त्याला मोठा पाना दिला आणि म्हणाली, "थंडी असेल ना तिथे?" तो म्हणाला, "होती."

मग ग्लेनिसच्या मुलीला ॲडलेडला बाळ झालं आणि आजीबाई रजेवर गेल्या. त्याच सुमारास किटलीत नवी नर्स आली, रोवेना माग्बानुआ. मूळची फिलिपिन्सची, चणीने चिमणी, पण कामाला वाघीण. तिने आल्या आल्या बघितलं की नळ गळतोय. विचारलं तर कळलं, वर्षभर गळतोय. तिला ते अपमानास्पद वाटलं. आधार मागायला येणाऱ्या माणसांसमोर टपटप, टपटप, हे काय? तिने वरच्या कचेरीत रोज तक्रार केली, रोज फोन केला, शेवटी तिकडच्या साहेबाच्या साहेबाला गाठलं. आणि ज्या सरकारला शाळेच्या छताचा पत्रा बदलायला तीन पावसाळे लागले, त्याच सरकारने मंगळवारी सकाळी शहरातून माणसं पाठवून झगझगीत नवा नळ बसवला. हात पुढे केला की आपोआप सुरू होणारा. वर ओट्याखालचं कपाटही फळी ठोकून बंद करून टाकलं. संडासाची टाकी नवी, न्हाणीघर नवं. रोवेनाने ऑस्वाल्ड मास्तरांना त्या आनंदात गाणं म्हणून दाखवलं.

शनिवारी ग्लेनिस रजेवरून परतली ती बाळाचे फोटो हातात नाचवतच. स्वयंपाकघराच्या दारात तिची पावलं थबकली.

"ताई, बघ ना," रोवेना म्हणाली. तिच्याकडच्या रीतीने ती वडीलधाऱ्या बाईला ताईच म्हणायची. "हात नुसता पुढे कर. जादू."

ग्लेनिसने हात पुढे केला. पाणी आलं. हात मागे घेतला. पाणी थांबलं. एक थेंब नाही.

"कुणी केलं हे?"

"मी," रोवेना म्हणाली, आणि ताईचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. "का? काय झालं?"

ग्लेनिसने सांगितलं. नळ, पाना, कपाट, क्लाइव्ह, धरण, सगळं. रोवेनाने दोन्ही हात डोक्याला लावले. "आणि हे कुठे लिहून ठेवायचं नसतं का? मला काय स्वप्न पडणार होतं?"

"काय लिहिणार? नळ मोडून ठेवावा, असं?"

"हो. तसंच लिहायचं." मग ती एकदम सावध झाली. "तू नव्हतीस तेव्हा दोन शनिवार गेले. नेव्हिल नावाचं कुणी आलं नाही."

ग्लेनिसने घड्याळ बघितलं. सामना अजून संपायचा होता.

सामना संपल्याचा भोंगा झाला आणि थोड्या वेळाने नेव्हिलची पिकअप दाराशी लागली. तो हत्यारांची पेटी घेऊन आत आला. पंधरा दिवसांत दाढी वाढली होती, सदरा अंगावर लोंबत होता. त्याने ओट्याकडे बघितलं. नळाखाली आपला फावड्यासारखा पंजा धरला. पाणी आलं, गेलं.

"झकास बसवलाय," तो म्हणाला.

"संडासाची टाकी जरा बघतोस का?" ग्लेनिस घाईने म्हणाली. "आवाज करते."

तो गेला, बघून आला. "तीही नवीच आहे."

"मग चहा तरी घे. बाळाचे फोटो दाखवते. माझ्यासारखंच आहे, टक्कल सोडून."

"छान," तो म्हणाला. फोटो त्याने पाहिले नाहीत. नळाकडेच बघत होता. "चांगलं काम केलंय पोरांनी. बरंय, येतो मी." आणि रोवेना काही बोलायच्या आत तो बूट चढवून निघालासुद्धा.

ग्लेनिस खिडकीला नाक लावून उभी राहिली. पिकअप कोपऱ्यावर आली. डावीकडे त्याचं घर. ती उजवीकडे वळली. उजवीकडे धान्याची कोठारं आहेत आणि त्यापुढे फक्त धरण.

"गेला तो," ती म्हणाली. "रोवेना, तिकडेच गेला."

रोवेनाने आधीच फोन उचलला होता. नेव्हिलचा घरचा नंबर लावला, तो कुणी उचलेना. जिल्ह्याच्या मदतवाहिनीला लावला, तिथे बाई गोड आवाजात सांगत होती की आमचे सगळे प्रतिनिधी व्यग्र आहेत आणि मग बासरी वाजायला लागली. पोलीस ठाण्याची गाडी सामन्यानंतरच्या मारामारीला शेजारच्या गावात गेली होती. "त्यांना निरोप दिलाय, निघतील," रोवेना म्हणाली, "पण वेळ लागेल. आपण जायचं तर दोघींनी जायचं आणि घर एकटं टाकायचं नाही, हा नियम आहे. एक काम कर, तू..."

पण ग्लेनिस तिथे नव्हती. तिने खुंटीवरची सरकारी गाडीची किल्ली उचलली होती.

इथे एक सांगायला हवं. नेव्हिलच्या पिकअपवर कामाचा दुसरा एक नंबर रंगवलेला आहे, वर लिहिलंय, अडल्या वेळी केव्हाही; तो फोन कायम त्याच्या खिशात असतो. त्या नंबरला तो कधीही नाही म्हणत नाही. नाताळच्या जेवणातून उठून गेलाय, स्वतःला ताप असताना गेलाय, क्लाइव्हच्या दफनाच्या दिवशीसुद्धा एका म्हातारीचं तुंबलेलं गटार मोकळं करून आलाय. स्वतःसाठी तो या पृथ्वीवर कुठेही जाणार नाही, पण कुणाचा पाइप फुटला म्हटलं की बूट घालणार.

तेव्हा ग्लेनिस पास्को, जिच्या बसला तीसेक वर्षांत ओरखडा आला नाही ती, सरकारच्या पांढऱ्याशुभ्र गाडीत बसली, आरशात नीट बघितलं, मागचा गिअर टाकला आणि अंगणातल्या उभ्या नळावर गाडी घातली. पहिल्यांदा नळ नुसता वाकला. ती पुढे आली, पुन्हा मागे गेली. या वेळी काड्कन आवाज झाला आणि पाण्याचा खांब घराच्या पन्हाळीपर्यंत उडाला. ऑस्वाल्ड मास्तर व्हरांड्यात आले, बघितलं, आणि आत जाऊन छत्री घेऊन आले.

"ताई, तू काय केलंस?" रोवेना ओरडली.

"पाइप फोडला. आता फोन कर. घरचा नको, गाडीवरचा. नाही, दे, मीच करते."

दोनदा घंटी वाजली आणि त्याने उचलला. मागे वारा ऐकू येत होता.

"होस्किंग बोलतोय."

"नेव्ह, मी ग्लेनिस. पाइप फुटलाय. मोठा. अंगण तळं झालंय."

ग्लेनिसच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि तिला रडू येत होतं, पण ते फोनवर कळू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले.

"आत्ता तर काही फुटलेलं नव्हतं," तो म्हणाला.

"आत्ता फुटलंय. ये बाबा. तुझ्याशिवाय कुणाला बोलवू मी?"

"पाण्याचा मेन कॉक बंद करा," तो म्हणाला. "येतो."

मेन कुठे आहे हे ग्लेनिसला चांगलं माहीत होतं. तिने त्याला हातही लावला नाही.

तो आला तेव्हा ती पाण्यातच उभी होती. त्याने पाण्याकडे बघितलं, वाकलेल्या नळाकडे बघितलं, सरकारी गाडीच्या चेपलेल्या मागच्या अंगाकडे बघितलं. मेन बंद केला. मग चिखलात गुडघे टेकले, खड्ड्यात हात घातला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू गाडी धडकवलीस."

"धडकवली."

"तू."

"एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा मोडला नाही मेला."

नेव्हिलचे खांदे हलायला लागले. ती समजली हसतोय. हसतच होता, पण त्या हसण्यात मधेच काहीतरी अडकलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. ग्लेनिस त्याच्या शेजारी चिखलात बसली. तिच्या सवयीप्रमाणे ती त्याला पाना देणार, थंडीबद्दल काहीतरी बोलणार, एवढ्यात रोवेना आली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती त्याच्या पुढ्यात, अगदी समोर उकिडवी बसली. एवढीशी बाई, त्याच्या तोंडासमोर तोंड.

"मी रोवेना. मी इथली नर्स," ती म्हणाली. "नळ मी बदलला. मला माफ करा, मला माहीत नव्हतं. नेव्हिल, तुम्हाला एक सरळ विचारते. तुम्ही धरणावर जीव द्यायला चालला होतात का?"

असं कुणी विचारतं का? आता हा उठणार, पेटी उचलणार आणि परत तोंड दाखवणार नाही, असं ग्लेनिसला वाटलं. ती रोवेनाचा दंड धरायला पुढे झाली.

"हो," नेव्हिल म्हणाला.

त्याने हात चिखलातून काढले नव्हते. पण मान वर केली होती आणि तो रोवेनाकडे बघत होता. "दोन आठवडे तेच चाललंय डोक्यात. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग म्हणाला, "मला आज घरी एकट्याने जायचं नाहीये."

"मग नका जाऊ," रोवेना म्हणाली.

ग्लेनिसला तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर तिने पाने दिले होते. एक प्रश्न दिला नव्हता. तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागापेक्षाही मोठा, छातीत मावेना असा आनंद झाला, की हा माणूस इथे आपल्या शेजारी चिखलात बसलाय आणि जिवंत आहे. तिने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "मूर्खा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी नेव्हिल ऑस्वाल्ड मास्तरांचा लोकरी स्वेटर घालून टेबलाशी बसला. स्वेटर त्याच्या पोटापर्यंतच पोचत होता. समोर माणसं, मध्ये काही नाही, ना कपाट ना पाना. पहिली पंधरा मिनिटं त्याला फार जड गेली. मग रोवेनाने भाताबरोबर तिच्याकडचं आंबटसर कोंबडीचं कालवण वाढलं आणि तो खायला लागला. दोन आठवड्यांनी धड जेवत होता. जेवता जेवता तिने त्याला बाकीचंही सरळच विचारलं, झोप किती, विचार कधी येतात, घरी काय काय आहे, कुणाला बोलवू. वार्राकनाबील भागात राहणारी बहीण होती, तिला फोन केला. ती गाडी हाकत आली आणि दारातूनच भावाला शिव्या द्यायला लागली, रडत रडत. नेव्हिल मान खाली घालून ऐकत होता, पण त्याचा चेहरा मोकळा झाला होता. ती त्याला आपल्या घरी घेऊन गेली. सोमवारी डॉक्टर, रोज संध्याकाळी रोवेनाचा फोन, आणि गाडीवरचा तो अडल्या वेळचा नंबर महिनाभर शेजारच्या गावच्या प्लंबरकडे. त्या शेवटच्या गोष्टीवर मात्र त्याने बरीच हुज्जत घातली.

गाडीचं काय, तर ग्लेनिसला वरच्या कचेरीत बोलावणं आलं. तिने तिथे खरं काय ते सांगितलं. वाहन विभागाच्या साहेबाने विचारलं, "म्हणजे बाई, तुम्ही मुद्दाम सरकारी मालमत्तेवर सरकारी मालमत्ता घातलीत?" ती म्हणाली, "होय साहेब, आणि दुसऱ्यांदा नेम बरोबर लागला." रोवेनाने सोबत येऊन सांगितलं की चूक दोघींची आहे, यापुढे ज्याला जे हवं ते लिहून ठेवू आणि सरळ विचारूही. ग्लेनिसला एक ताकीद मिळाली. ती तिने चौकट करून संडासात लावली आहे. तिथे माणूस निवांत वाचतो, असं तिचं म्हणणं.

पण सरळ विचारायचं, हे तिच्या अजून जिभेवर बसलं नव्हतं. आरशासमोर उभी राहून ती सराव करायची. नवरा म्हणायचा, कुणाशी बोलतेस? ती म्हणायची, तुझ्याशी नाही, तू ठीक आहेस, फक्त आळशी आहेस.

महिन्याने आमचा शेजारच्या संघाशी सामना होता. नेव्हिल बहिणीकडून आला होता. मैदानाच्या कुंपणाला टेकून उभा होता, आमचे सगळे बाप्ये उभे राहतात तसा, कोपर गजावर, नजर चेंडूवर, हातात सॉसेज रोल. त्याच्या पलीकडे ट्रेव्हर मच होता, गावातला मटणवाला. ट्रेव्हर म्हणजे आमच्या संघाचा भोंगा. अंपायरने शिट्टी वाजवली की त्या अंपायरच्या सात पिढ्या तो उद्धरतो. त्या दिवशीही चालूच होतं.

ग्लेनिस जाऊन नेव्हिलच्या शेजारी उभी राहिली. आधी बाळाबद्दल बोलली. मग हवेबद्दल. मग तिने गज घट्ट धरला.

"नेव्ह," ती हळूच म्हणाली, "या आठवड्यात तसा विचार आला का? जीव द्यायचा?"

"दोनदा," नेव्हिल म्हणाला. "मंगळवारी, आणि काल."

"मग काय केलंस?"

"रोवेनाला फोन केला. मंगळवारी ती बोलली. काल बोलायला लागलो तर तिला वाटलं मी जेवलो नाहीये, तिने कालवण कसं करायचं तेच सांगितलं." त्याने रोलचा घास घेतला. "केलं. बरं झालं होतं."

"आत्ता?"

"आत्ता ठीक आहे. आपण हरतोय, पण ठीक आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. विचारलं आणि आभाळ कोसळलं नाही. ती त्याच्या रोलचा तुकडा मोडून खाणार, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की पलीकडचा भोंगा बंद पडलाय. मैदानावर अंपायरने आमच्याविरुद्ध ढळढळीत चुकीचा निर्णय दिला होता, सगळं कुंपण ओरडत होतं, आणि ट्रेव्हर मच गप्प होता. त्याची नजर मैदानावरच होती. कान मात्र लाल झाले होते.

"नेव्ह," ट्रेव्हर म्हणाला. मान वळवली नाही. "तो रोवेनाचा नंबर मला पण दे रे."

नेव्हिलने काही विचारलं नाही. रोल कुंपणाच्या खांबावर ठेवला, पँटला हात पुसले आणि खिशातला फोन काढला.

विचारायचं काम ग्लेनिसचं होतं. ती नेव्हिलला ओलांडून ट्रेव्हरच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि तिने विचारलं, अगदी त्याच शब्दांत. ट्रेव्हरने मान हलवली. हो अशी.

"आज येतोस?" ती म्हणाली.

"सामना संपल्यावर," तो म्हणाला.

"आत्ता चल. सामना काय, हरतोच आहोत."

ट्रेव्हरने एकदा मैदानाकडे बघितलं. मग तो कुंपणापासून निघाला, आणि त्याच्या एका बाजूला ग्लेनिस, दुसऱ्या बाजूला नेव्हिल, असे तिघं सगळ्या गावासमोरून, सगळ्या गाड्यांच्या रांगेपुढून चालत किटलीकडे गेले. ट्रेव्हरची गाडी मैदानापाशीच राहिली. रोवेनाने दार उघडलं तेव्हा तो म्हणाला, "मला काही दुरुस्तबिरुस्त करता येत नाही," आणि ती म्हणाली, "या, बसा."